धुमसता सुंभ

सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर, नालीपलीकडे, धूम्रपानबंदीचा फलक आहे. त्याच्याच खांबाला टपरीवाल्याने सुंभ बांधून ठेवलाय. टोकाशी तो सदा धुमसत असतो. ज्याने त्याने यावं, बिडी टेकवावी, पेटवून घ्यावी. फलकावरची दंडाची ओळ धुराने काळवंडली आहे.

काल डबा घेऊन गेले, तर छातीच्या वॉर्डातला माझा थोरला भाऊ फाटकात उभा. हाताला सलाईनची सुई तशीच, बोटांत बिडी. पहारेकरी हळू आवाजात म्हणाला, "काका, हद्दीत नको. नालीपलीकडे जा." दादा मुकाट्याने पलीकडे गेला. कायदा पाळला गेला.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आत ओढू नका म्हणाले. मी बाहेर आलोय."

पहारेकऱ्याचा मला राग आला नाही. त्याची हद्द नालीपाशी संपते, माझी तर त्याच्याही अलीकडे. माणसाला अडवलं की तो वाचतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. तो फक्त चार पावलं सरकतो.

त्याच दिवशी सकाळी माझ्यासमोर नर्सने दादाच्या तोंडाशी श्वासाच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकचे गोळे असलेलं यंत्र धरलं होतं. श्वास आत ओढला की त्यातले गोळे वर चढतात. दादाचा एकही हलला नाही. "छातीत दमच उरला नाही गं," तो म्हणाला होता.

आता त्याने बिडी सुंभाला टेकवली, डोळे मिटले आणि इतका खोल श्वास ओढला, की विझत आलेला सुंभ लालबुंद झाला.