तिखाडीची भट्टी

गुणाबाईच्या परसात पुन्हा धूर निघाला आणि अख्ख्या गावाच्या नजरा तिकडे वळल्या. आरमोरीपासून आत, जंगलाला टेकलेलं हे गाव. परसातला धूर कशाचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जिल्ह्यात दारूबंदी आहे खरी, पण मोहाची फुलं काही कुणाला विचारून गळत नाहीत. आणि मोहाची काढावी तर गुणाबाईनंच, असा तिचा एके काळी लौकिक होता. लौकिक कसला डोंबलाचा, बदनामीच ती!

नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा पोटासाठी तिनं भट्टी लावली. नवरा गेला, भट्टी मात्र राहिली. मग एका सकाळी गावातल्या बाया काठ्या घेऊन आल्या आणि दारूसाठी आंबत घातलेल्या मोहसडव्याची मडकी फोडून गेल्या. सगळ्यांच्या पुढे रुखमाबाई होती. तिचा नवरा मुखरू गुणाबाईच्याच परसात पिऊन घरी निघाला होता. वाटेत धानाच्या बांधीत पडला, तो उठलाच नाही. रुखमाबाईनं पहिली काठी घातली तेव्हा गुणाबाईनं तिचा हात धरला नाही.

त्या दिवसापासून तिनं मोहाला हात लावला नाही. पण गाव विसरतं होय? बारशाला बोलावणं नाही, नळावर गेली की बाया घागर उचलून बाजूला सरकायच्या. दारूवाली गुणा, एवढीच तिची ओळख उरली. या नावानंच आपली तिरडी उठणार, हे तिच्या जिवाला खात होतं.

सून रंजीता बचत गटात होती. घरोघरी घरकुलं झाली, फरश्या आल्या, शेणाचं सारवण गेलं आणि बाजारचं फिनाईल आलं. त्याच्या वासानं रंजीताच्या लेकीला दम लागायचा. म्हणून रंजीतानं घरीच फरशीचं पाणी करायला घेतलं. रिठे रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळायचे. त्यात लिंबाच्या साली आणि कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी घालायचं. निवलं की शेवटी सुगंधी तेल, तेही आधी थोड्या रिठ्याच्या फेसात घोटून, नाहीतर ते वर तरंगत राहतं. सगळं जमलं, फक्त नागपूरहून मागवलेलं तेल फसवं निघालं. बाटलीत घमघमाट आणि फरशीवर काही नाही.

"टेकडीच्या उतारावर तिखाडी केवढी माजली हाय," गुणाबाई एक दिवस म्हणाली. "त्या गवताचं तेल मी काढून देतो."

"आत्या, भट्टी लावा लागन ना!" रंजीता दचकलीच. "लोकं काय म्हनतीन?"

"लोकं आजवर काय कमी म्हनले?"

दोघींनी फुलोऱ्यावर आलेलं गवत कापून आणलं. गुणाबाईनं हंडा चुलीवर चढवला, गवत दाबून भरलं, पाणी घातलं, झाकणाच्या फटी मातीनं लिंपल्या. झाकणाला बसवलेल्या नळीचं तोंड गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडलं आणि जाळ केला. भर दुपारी, परसाचं फाटक सताड उघडं ठेवून.

बाया आल्याच. रुखमाबाई बाकीच्यांना फाटकाबाहेर थांबवून एकटी आत आली. हातात काठी होती.

"काय करून राह्यली वं, गुणे?"

"तिखाडीचं तेल, रुखमाबाई. फरशी पुसाच्या पान्यात टाकाले. पाहा ना तुमी, बोट लावून पाहा."

रुखमाबाईनं भांड्यातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळसर तवंगाला बोट लावलं आणि हुंगलं. गुलाबासारखा वास होता. पण तिच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"आज गवत हाय. उद्या मोह नाई टाकशीन कशावरून?"

गुणाबाईच्या शब्दाला गावात कवडीची किंमत नव्हती. "फोडा लागत असन तं फोडा," ती म्हणाली. "मी हात नाई धरनार."

रुखमाबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि चुलीसमोर बसकण मारली. भट्टी विझेपर्यंत हलायचं नाही, असा तिचा बेत दिसला. रंजीता हळूच आत सटकली. एकीनं लाकडं सारावी, दुसरीनं नळीकडे डोळे लावून बसावं, असं बराच वेळ चाललं.

मग रुखमाबाई नळीवरची नजर न काढताच बोलली. "एक विचारतो. मुखरू त्या दिवशी इथी आला होता. काय बोलला तो?"

गुणाबाईच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काही नाही बोलला, असं सांगून टाकलं असतं तर भट्टी वाचली असती, नावही आणखी काळं झालं नसतं. कोण होतं खोटं पाडायला? पण समोर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

"नको म्हनला होता," ती म्हणाली. "आजपासून सोडली, म्हने. मले सांगालेच आला होता बिचारा. मीच म्हनलं, आजची घे, उद्यापासून सोड. गिलास मी भरून देल्ला, रुखमाबाई. माह्या हातानं."

रुखमाबाईचा चेहरा पांढरा पडला. काठीवरची मूठ आवळली. गुणाबाईनं डोळे मिटून घेतले. आता हंडा फुटणार, आणि फुटावाच, असंच तिला त्या घडीला वाटलं.

"सोडतो म्हनला होता," रुखमाबाई स्वतःशीच पुटपुटली. "मले सकाळी हेच बोलला. मी म्हनलं, खोटाडा हाय तू." आणि पदर तोंडात कोंबून ती ढसाढसा रडली. गुणाबाईला जवळ जावंसं वाटलं, पण तिची हिंमत झाली नाही.

रडणं ओसरल्यावर रुखमाबाई उठली, डोळे पुसले आणि फाटकाशी गेली. बाहेरच्या बाया खोळंबून उभ्या होत्या.

"तेलच हाय," ती त्यांना म्हणाली. "मी पायलं. तिले कोनी हटकू नोका."

पुढं ते फरशीचं पाणी गावात खपलं, आरमोरीच्या बाजारातही गेलं. नळावर बाया गुणाबाईला जागा देऊ लागल्या. रुखमाबाई मात्र त्या परसात पुन्हा आली नाही. दिवाळीत रंजीता एक बाटली घेऊन तिच्या दारी गेली, तेव्हा तिनं हात जोडले आणि म्हणाली, "माह्या घरी नको, माय."

रंजीतानं घरी येऊन बाटली ठेवली. गुणाबाईनं ती उचलून बाकीच्या बाटल्यांत लावली आणि चुलीत लाकूड सारलं.