टोपणाच्या भोकातला साबण

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तसा घरातला गोष्टीवेल्हाळ मीच. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाचं धोतर कुठं सुटलं, हे सांगायला सगळे मलाच पुढं करतात. पण ही एक – ही ओठांवर आली की मी पाणी पितो आणि दुसरीच सुरू करतो. आज मात्र तुम्हाला सांगून टाकतो.

दाजींपासून सुरुवात करावी लागेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान, आजऱ्याचे काजूवाले. आवाज असा, की त्यांनी घरात हाक मारली तर समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक 'ओ' देतं. त्यांची एक जुनी डिझेल पिकअप आहे. कैक वर्षांपूर्वी एकदा त्यांनी मला ती पंपावर न्यायला सांगितली. मी जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस. तोंडातून सवयीनं 'पेट्रोल' गेलं. टाकी भरली, गाडी शंभर पावलं गेली आणि बसली. चूक माझीच. हसावं, चार दिवस हसावं. पण दाजी चौदा वर्षं हसले. बारसं असो, वास्तुशांत असो, मी उंबऱ्यात दिसलो की आरोळी – "आलं बगा पेट्रोल पावणं!"

मीही हसायचो. न हसून काय करणार?

मग माझ्या थोरल्या लेकीला बघायला गडहिंग्लजचे लोक आले. पोह्यांच्या बश्या हातात, मी इस्त्रीचा शर्ट घालून गंभीर वडिलांसारखा बसलेला, आणि दाजींनी सुरुवात केली. पंप, टाकी, माझा चेहरा – सगळं नकलांसकट. मुलाचे वडील डोळे पुसेपर्यंत हसले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं सांगायचं तर लेकीला तो मुलगा आवडलाच नव्हता, तिनं त्या दिवशी आइस्क्रीम मागवलं. पण मी पेटलो तो पेटलोच. लेकीच्या देखत? पाहुण्यांच्या देखत? या माणसाला एकदा तरी चारचौघांत, रस्त्यावर, गाडीसकट बसवायचं – एवढंच डोक्यात.

अक्कल दाजींनीच दिलेली. टाकी कुठं पाझरली की जुने ड्रायव्हर तिथं कपड्याचा साबण दाबतात, डिझेलला साबण दाद देत नाही, हे त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. आणि टाकीच्या टोपणाला एक बारीक भोक असतं, टाकीत हवा जायला. ते बुजलं की डिझेल खेचता खेचता आत ओढ बसते, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी गुदमरून बंद. थोडा वेळ थांबलं की हवा कुठून तरी झिरपते, परत चालू. शोधणारा वेडा होतो. आजऱ्याला गेलो होतो, दुपारी जेवून सगळे आडवे झाले, आणि मी न्हाणीतल्या साबणाचा तुकडा नखानं आत दाबला.

काय सांगू तुम्हाला! पुढचा महिना मी सणासारखा काढला. उत्तूरला गाडी बंद. निपाणीच्या अलीकडं बंद. दाजी बॉनेटमध्ये डोकं घालून हातपंप मारतायत, लाईनमधली हवा काढतायत, घामानं बनियन अंगाला चिकटलंय, आणि सोबतीच्या निमित्तानं दर खेपेला शेजारच्या सीटवर मी, तोंडावर काळजी. फिल्टर बदलला. नोझल काढून तपासले. डिझेल पंप खोलला. दर वेळी आतून मला गुदगुल्या.

गाडी बघायचे कोल्हापूरचे हमीदभाई मिस्त्री. शांत माणूस, आजऱ्याच्या सगळ्या पिकअप त्यांच्याच शेडमध्ये यायच्या. त्यांनी डिझेलचा कॅन उंच टांगून त्यावर इंजिन चालवलं, दोन तास बिनबोभाट. म्हणाले, "मालक, पंप चांगला हाय. दोष टाकीकडं हाय." टाकी उतरवून धुतली. टोपण लावून गाडी बाहेर पडली, कागलला बंद.

तिसऱ्या खेपेला दाजींचा तोल गेला. शेडमध्ये आजऱ्याचे चार-पाच ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यासमोर – "लुटारू हाईस तू! चांगला पंप खोलून बिघडवलास!" हमीदभाईंनी फडकं उचललं. हात पुसले, आणि टाकीजवळ मी उभा होतो म्हणून मला म्हणाले, "पावणं, ते टोपण द्या की जरा."

त्यांना सापडलं होतं. अजून एक पाऊल, आणि ते भोक त्यांच्या डोळ्यांपुढं असतं.

मी टोपण फिरवलं. हवा सूं करून आत गेली, आरड्याओरड्यात कुणाला ऐकू आली नाही. पाठ केली. नखानं साबण काढला. टोपण दिलं.

त्यांनी ते उजेडाकडं धरलं, फुंकर मारली. हवा आरपार गेली. बराच वेळ बघत राहिले, मग परत लावलं. त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडली नाही.

"बगितलासा? शिव्या घातल्या की गाडी सुधारली!" दाजी सगळ्यांना सांगत सुटले. लग्नाकार्यात आता हीच गोष्ट. लबाड मिस्त्रीची. पेट्रोलची मागं पडली, आता मला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. दाजींचं काहीच वाकडं झालं नाही, उलट त्यांना नवी गोष्ट मिळाली. ते ती सांगतात तेव्हा मान मीही डोलावतो. बसल्या जागी खरं सांगितलं, तर ती गोष्ट तिथंच थांबेल. मी आमटी वाढून घेतो.

आजऱ्याच्या गाड्या हमीदभाईंकडं जायच्या थांबल्या. वर्षाच्या आत शेड बंद झाली. या वयात ते दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली पाने देतात.

गेल्या महिन्यात राजारामपुरीत समोरासमोर आलो. मी रस्ता ओलांडायला बघत होतो, त्यांनीच हाक मारली. घरचं विचारलं, लेकीचं विचारलं. मग म्हणाले, "दाजींची गाडी काय म्हणतीया? परत बंद पडली न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग झालं," म्हणाले. "मला काय त्यातलं शेवटपर्यंत कळलं न्हाय बगा."

मी म्हणालो, जुन्या गाड्या, चालायचंच. आणि रिक्षाला हात केला.