उपाध्यक्षाचं काम काय?

देवरे नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी सभेच्या सूचनेची कार्डं लिहीत बसलो होतो. नानांच्या नावाचं कार्ड नुकतंच लिहून झालं होतं, शाई ओली होती. त्यांचे मेहुणे दारात सायकल टेकवून आत आले आणि म्हणाले, "नाना गेले सकाळी. तीन दिवस ताप होता." मी विचारलं, "मला कसं कळवलं नाही?" ते म्हणाले, "नानाच नको म्हणाले. म्हणे, चिटणिसाला सभेची घाई असेल..."

त्याला आता पाच आठवडे झाले. नाना मोठे पुढारी नव्हते. महायुद्धात ते सैन्याच्या सिग्नल तुकडीत टेलिफोनच्या तारा जोडणारे लाइनमन होते, नाईकच्या हुद्द्यावर परत आले आणि धुळ्यात एका पिठाच्या गिरणीत कामाला लागले. पश्चिम खानदेशातल्या आमच्या माजी सैनिक मंडळाचे ते उपाध्यक्ष, आणि मी चिटणीस. मी पलटणीत हवालदार क्लार्क होतो, आता जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत आहे. कागद हा माझा प्रांत. स्वातंत्र्यानंतर मंडळ निघालं तेव्हा त्याची घटना मीच लिहिली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सगळ्यांची कामं कलमवार मांडली आणि मला त्याचा फार अभिमान होता. अध्यक्ष झाले सुभेदार मेजर बागुल. सहा फूट उंच, करारी, वेळेचे इतके पक्के की सभा सुरू झाल्यावर लोक घड्याळ लावून घेत.

पहिल्याच सभेत मी घटना वाचून दाखवली. उपाध्यक्षाचं कलम एका ओळीचं होतं: अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभेचे कामकाज चालवणे. नाना उभे राहिले. "चिटणीस, एक विचारू? अध्यक्ष हजर असताना उपाध्यक्षानं काय करायचं?" सगळे हसले. सुभेदारसाहेब म्हणाले, "पुढच्या रांगेत बसायचं." नाना खाली बसले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांचा स्वभावच तसा. गिरणीचा पट्टा उजवीकडेच का सरकतो, पांझरेचं पाणी एका काठाला गढूळ आणि दुसऱ्या काठाला नितळ का, असले प्रश्न घेऊन ते आठवडा आठवडा हिंडत. सुभेदारसाहेब तर कधी आजारीसुद्धा पडत नसत. त्यामुळे नानांवर खुर्चीत बसायची वेळच येईना. दीड-दोन वर्षांनी एकदा ते मला म्हणाले, "मला वाटतं मला उलगडा झाला. तुम्ही लिहिलंय, गैरहजेरीत. पण फक्त अध्यक्षाचीच गैरहजेरी का धरायची? जो जो गैरहजर, तो तो माझ्या खात्यात." मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्याच रविवारी ते शिंदखेड्याकडच्या एका गावी जाऊन आले. सभेला न येणाऱ्या सभासदाला भेटायला! तो पाय मोडून घरी पडलेला होता आणि आमच्यापैकी कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

घटनेत मी आणखी एक कलम घातलं होतं. न कळवता लागोपाठ तीन सर्वसाधारण सभांना गैरहजर राहील त्याचं सभासदत्व जाईल. एका वर्षी अशी चार नावं निघाली. एरवी ती आम्ही पाच मिनिटांत काढली असती, पण त्या वर्षी सरकार माजी सैनिकांना पडीक जमिनी देणार होतं आणि शिफारशीची यादी मंडळाकडून जायची होती. नाव गेलं की जमीनही गेली. नानांनी एक महिना मागून घेतला. सुभेदारसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कशाला? नोंदवहीत सह्या नाहीत, एवढं पुरे नाही का?" नाना म्हणाले, "साहेब, आम्ही लाइनमन. तार तुटली एवढं टेबलावर कळतं. कुठं तुटली ते तारेबरोबर चालत गेल्याशिवाय कळत नाही."

महिना संपत आला तेव्हा एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. चहा पुढे केला तर तसाच ठेवला. म्हणाले, एक जण वारला, एक सुरतेला गिरणीत गेला, तिसऱ्याला मंडळ नकोच आहे. चौथा शिरपूरच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. दित्या पावरा. पायोनियर कंपनीत होता, ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर रस्ते खोदले त्यानं.

"तुम्ही त्याला ओळखता?" नानांनी विचारलं.

"नाही. नाव फक्त कागदावर पाहिलंय."

"तो तुम्हाला ओळखतो. चष्मेवाले सायेब म्हणतो." नाना जरा थांबले. "तो तिन्ही सभांना आला होता हो."

मला कळेना. सह्या नव्हत्या, मग आला कसा? नानांनी दित्याचेच शब्द सांगितले. "मी तिन्ही येळले वनू, भाऊ. सायेबनी सांगं थांब. मी थांबनू." दोन दिवस आधी निघून, शिरपूरपर्यंत चालत आणि पुढे एस.टी.नं तो धुळ्याला आला होता. सभेच्या खोलीच्या दारात कोणीतरी त्याला म्हणालं, बाहेर थांब, बोलावतो. तो अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसला. सभा संपली, लोक पांगले, खोलीला कुलूप लागलं, मग तो उठला आणि गावी गेला. तीन महिन्यांनी पुन्हा आला, त्याच माणसानं हातानंच खूण केली. तिसऱ्या वेळी तो दारापर्यंत आलाच नाही, सरळ निंबाखाली जाऊन बसला. त्याच्या लेखी थांबायचा हुकूम अजून उठलेला नव्हता.

मला आठवलं. अनवाणी पाय, उसवलेला खाकी शर्ट, हातात काठी. मी त्याला अर्ज घेऊन आलेला कोणी गावकरी समजलो होतो. सभा सुरू व्हायला दोन मिनिटं उरली होती, सुभेदारसाहेब घड्याळाकडे पाहत होते... आणि मग मी विसरलो. असं म्हणायला सोपं जातं, पण खरं सांगायचं तर तो सभासद असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्याच्या अंगावर आमच्यासारखे कपडे असते तर मी त्याला थांब म्हटलं नसतं.

नानांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. त्यांना फक्त ते कसं घडलं ते बारीकसारीक हवं होतं. मी कुठे उभा होतो, दार किती उघडं होतं, त्यानं नाव सांगितलं का, मी विचारलं का. सगळं ऐकून म्हणाले, "मी निघताना त्यानं काय विचारलं माहीत आहे? आते भी थांबू का?" मग त्यांनी विचारलं, "हे सभेत मी सांगू, की तुम्ही?" मी म्हटलं, "नाना, तुम्हीच सांगा." ते गार झालेला चहा प्यायले आणि उठले. ते कोपऱ्यापर्यंत गेले असतील, तोवर मी अनवाणीच मागे धावलो आणि सांगितलं, "मी सांगतो."

सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. कोणीतरी पुटपुटलं, चिटणिसाकडून ही अपेक्षा नव्हती. सुभेदारसाहेब मात्र कलमाला धरून राहिले. "वाईट झालं. पण नोंदवहीत सही नाही, म्हणजे गैरहजर. आज एकाला सोडलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी बाहेर होतो." नाना उठले. "साहेब, पहाऱ्यावरच्या शिपायाला तुम्ही सांगितलं, इथं थांब. तुम्ही विसरलात, तो थांबला. त्याला हजर धरायचं की गैरहजर?"

सुभेदारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ते म्हणाले, "मी माझं मत बोलून बसलोय. आता त्याच मतावर निवाडा करायला मी खुर्चीत बसणं बरोबर नाही. उपाध्यक्ष, या." आणि ते उठून बाहेर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची रिकामी झाली होती. नाना जाऊन बसले, तेही अगदी कडेला, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे. खिडकीतून दिसत होतं, नानांबरोबर आलेला दित्या निंबाखाली ताठ उभा राहिला आणि त्यानं सुभेदारसाहेबांना सलाम ठोकला. साहेबांनी तितक्याच ताठपणे तो परत केला. मग दोघं काहीतरी बोलत राहिले.

आत नानांनी मतं घेतली. दोन सोडून सगळे हात वर झाले. मी घाईनं म्हणालो, मागच्या तीन सभांच्या पानांवर त्याचा अंगठा घेऊन टाकू. नाना म्हणाले, "नाही. मागच्या तारखेला आजचा अंगठा नको, ते खोटं होईल. आजच्या पानावर खरं लिहा. आले होते, चिटणिसांच्या सांगण्यावरून बाहेर थांबले." मी ते माझ्या हातानं लिहिलं. नाना खुर्चीतून उठले. ते जेमतेम दहा मिनिटं अध्यक्ष होते. दारात सुभेदारसाहेब दित्याला पुढे घालून आत येत होते. त्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारून आम्हाला सांगितलं, "यानं खोदलेल्या रस्त्यावरनं माझी कंपनी गेलीय. विचारा त्याला पावसात तिथं काय हाल होते ते!"

दित्याला जमीन मिळाली, पण दीड वर्षानं, आणि पहिली दोन सालं तिच्यातून फक्त दगड निघाले. आता ज्वारी होते थोडीफार. घटनेत आम्ही नवीन कलम घातलं, सभेच्या दिवशी उपाध्यक्षांनी दारात उभं राहून प्रत्येकाला नाव विचारून आत घ्यावं. ते लिहिताना मी नानांना म्हटलं, "घ्या, मिळालं एकदाचं काम." ते म्हणाले, "हे दारातलं झालं. दारापर्यंत जे येतच नाहीत, त्यांचं काय?"

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो. नर्मदाअक्का, त्यांच्या पत्नी, आतून एक जाड वही घेऊन आल्या. "हाई तुम्हनं शे," म्हणाल्या. "सभानं शे ना बठ्ठं." सगळं सभेचं, म्हणून माझं. त्या वहीबद्दल नाना मला कधी बोलले नव्हते. प्रत्येक पानावर एका सभासदाचं नाव, आणि खाली त्याच्या घरी जायची वाट. एस.टी. कुठे सोडायची, नाला कुठे ओलांडायचा, कोणाचं कुत्रं चावतं, कोण दुपारी घरी नसतो. मध्येच, आई आंधळी आहे, आधी तिच्याशी बोलावं. नकाशेसुद्धा काढलेले, पेन्सिलीनं. शेवटच्या भरलेल्या पानावर तोफखान्यातल्या वामन चौधरीचं नाव होतं. तो धुळे सोडून फैजपूरला मेहुण्याच्या केळीच्या बागेत कामाला गेला होता. खाली एवढंच: का येत नाही? आणि पुढे कोरं पान.

मागच्या रविवारी मी गेलो. चाळीसगावला गाडी बदलून भुसावळ, तिथून फैजपूर. बाग विचारत विचारत गेलो तर वामन केळीला पाणी देत होता. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा तो दचकला, हसला आणि माझ्या ओठांकडे पाहू लागला. मी दोन-तीन वाक्यं बोललो, त्यानं नुसती मान हलवली, भलत्याच ठिकाणी. मग त्यानंच सांगितलं, तोफांनी त्याचे कान नेले होते आणि इतकी वर्षं त्यानं ते कोणाला कळू दिलं नव्हतं. सभेत सगळे हसले की हसायचं, हात वर झाले की हात वर करायचा. शेवटी तेही जमेना, म्हणून यायचंच सोडलं.

मी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून त्याच्यापुढे धरलं. त्यानं नानांचं अक्षर ओळखलं. बोट ठेवून त्यानं तो प्रश्न वाचला, मग माझ्यामागे बागेच्या वाटेकडे पाहिलं, नाना मागून येत असतील असं वाटून. माझ्याकडे पेन्सिल होती. प्रश्नाखाली मी लिहिलं, 'नाना गेले.' त्यानं ते वाचलं. मग त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात त्याखाली विचारलं, 'पुढची सभा कधी आहे?'