घरातून एकजण पुरे

माझं तोंड फटकळ आहे. ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवणाऱ्या बाईचं तसंच असावं लागतं, नाहीतर लोक काउंटरच्या आत येऊन बसतात. आखाडा बाळापूरच्या रस्त्याला आमचं गाव. निराधारांचा पगार, म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे, आता नव्या पद्धतीने येणार, ज्याने त्याने दरवर्षी मोबाइलपुढे चेहरा दाखवून आपण जिवंत असल्याची खात्री पटवायची, नाहीतर पगार बंद, असं फर्मान निघालं. ग्रामपंचायतीने शिबिराचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि मी मोबाइल घेऊन विहाराच्या ओट्यावर बसले. म्हाताऱ्या डोक्याला तेल चोपडून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. एकीला मी म्हटलं, "मावशी, सोयरीक नाही जुळवायची, नुसत्या पापण्या मिटायच्यात."

त्या गर्दीत धाकटी मावशी होती. ती आणि तिची थोरली जाऊ, दोघी विधवा, मूलबाळ कुणालाच नाही, एका खोलीत राहायच्या. गाव त्यांना धाकटी आणि मोठी असंच म्हणायचं. मोठीला लकवा मारल्यापासून ती बाजेवर होती, बाहेरचं सगळं धाकटी बघायची. दोघींनाही बीपी. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या की बाळापूरच्या मेडिकलमधून आणायच्या, त्या या पगारातूनच.

धाकटीचा चेहरा झटक्यात पास झाला. ती पदर सावरून निघाली.

"मोठ्या मावशीचं काय?" मी विचारलं.

"झालं की. दोघीचं झालं."

"दोघींचं कसं? तुम्ही एकट्या आलात."

"रेशनला न्हाई का, एकानं अंगठा लावला की समद्या घराचं मिळते. आमचं कार्ड एकच हाय. घरातून एकजण पुरे."

मी डाफरले. रेशन वेगळं आणि पगार वेगळा, हे मोठ्या आवाजात सांगितलं. खरं तर तिचं काय चुकलं होतं? जन्मभर या दोघींना एका कार्डावर मोजलं आणि आता अचानक सुटं केलं. धाकटी बिचारी कावरीबावरी झाली.

शिबिर आटोपून मी त्यांच्या घरी गेले. मोठीला उशाला टेकवून बसवलं, समोर मोबाइल धरला. मोबाइलचं एकच पालुपद, पापण्या मिटा. लकव्याने तिचा डावा डोळा मिटतच नव्हता. उजवा मिटायचा, डावा उघडाच.

"मिटून राहिले ना माय," मोठी म्हणाली, "आनिक किती मिटू?"

मग मी अंगठ्याचं मशीन आणलं. खुरपं आणि हळद करून करून तिच्या बोटांवर मशीनला दिसेल असं काही उरलं नव्हतं. शेवटी हळद घेऊन निघालेल्या शेजाऱ्याच्या टेम्पोत, पोत्यांवर गोधडी टाकून, आम्ही तिला तालुक्याच्या कचेरीत नेलं. तिथल्या साहेबांनी टेम्पोपर्यंत येऊन तिला डोळ्यांनी पाहिलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "बाई समोर आहे, कळतंय मला. पण सिस्टीम घेत नाही. अर्ज वर पाठवतो." अर्ज वर गेला तो वरच राहिला, आणि मोठीचा पगार थांबला.

एकदा मी सहज डोकावले तर धाकटी अडकित्त्यात गोळी धरून तिची दोन खांडं करत होती. सुपारी फोडावी तशी. मी ओरडले, "डॉक्टरने अख्खी सांगितलीय ना?"

"मंग मी एकटीनं पुरी खाऊ का? तिनं काय बघत बसायचं?"

मी मेडिकलमधून दोघींपुरत्या गोळ्या आणून दिल्या. जास्त दिवस पुराव्यात म्हणून तिने त्याही अडकित्त्याखालीच घातल्या. तिला किती समजावलं, पण दोघींचं एकच ताट असायची सवय ती काय मोडणार!

पुढे एका सकाळी नळावर हंडा भरता भरता धाकटी कोसळली. बाळापूरला पोचेपर्यंत ती गेली. जिचा चेहरा पास झाला होता, जी चालतीबोलती होती, तीच गेली. मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर ग्रामसेवकांनी सांगितलं म्हणून तिच्या मृत्यूची नोंद मीच ऑनलाइन भरली. ती पहिल्याच फटक्यात झाली. तिथे पापण्या मिटायची अट नव्हती.

मोठीला आता शेजारणी आळीपाळीने भाकरी नेऊन देतात, पाणी पाजतात. मी पुन्हा मोबाइल घेऊन गेले. बाजेशेजारच्या कोनाड्यात अडकित्ता तसाच पडलेला. किती वेळ उजेड बदलून बघितला, तिचं तोंड इकडून तिकडून वळवून बघितलं. डावा डोळा उघडाच. मोठी दमली आणि माझा हात धरून म्हणाली, "धाकटीचा पास झाला व्हता ना?"

"व्हय मावशी."

"मंग तिचाच लाव की माझ्या नावावर. एकाच घरच्या हाव आमी. घरातून एकजण पुरे."

मी मोबाइल पालथा घातला. मला रडू फुटलं, ते तिच्या देखतच फुटलं.

"काहून रडून राहिली?" ती म्हणाली. "तिचाबी न्हाई झाला का पास?"