ड्रमभर तीर्थ

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला असा ठसका लागला की मीच घाबरलो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, आमचा नळ मात्र कोरडाच! त्यात दुष्काळ. टँकर आठ दिवसांनी यायचा. अंगणातला एक लोखंडी ड्रम हेच आमचं धरण.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नावाआधी डॉक्टर. पण कसला डॉक्टर? कुलूप लागलं की नाही हे बघायला तीनदा माघारी येणारा!

घर बांधून वर्ष झालं तरी त्याला आशीर्वाद मिळाला नव्हता. आम्हा कॅथलिकांत फादर येऊन प्रार्थना करतात, खोल्याखोल्यांत पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा कुठे ते घर होतं. पण फादर राहायला नांदेडला आणि लातुरात आमची घरं जेमतेम तीन. माझी बायको रोझ वर्षभर त्यांना पत्रं लिहीत होती. शेवटी एका सकाळी फादर एसटीतून उतरले. इतके लवकर, की माझी दाढीसुद्धा व्हायची होती.

खोल्या झाल्या. मग सगळे अंगणात. तेवढ्यात मेणबत्ती विझली, म्हणून मी काडेपेटी शोधायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर काय? फादर माझ्याकडे पाठ करून ड्रमसमोर उभे, हात वर, क्रुसाची खूण! मी झटकन गुडघ्यावर.

प्रार्थना आटोपली. रोझ फादरांना बाकीची दोन घरं दाखवायला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, ते पाणी पवित्र झालंय. सांडू नका, वापरू नका. घरात जपून ठेवायचंय."

जपून? अख्खा ड्रम? मग अंघोळ कशानं? भांडी कशानं? आणि संडासला जाताना डबा... छे, छे! विचारानंच घाम फुटला. झाकणाच्या पत्र्यातून आशीर्वाद आत जातो का, हीसुद्धा शंका आली. पण "देवाच्या कामात तुमची केमिस्ट्री नको" असं रोझनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. जन्मात एकदा शंका घ्यायची नाही असं ठरवलं, आणि तेही नेमकं तेव्हाच!

झाकणावर एका वाटीत पाणी होतं. फादरांना प्यायला दिलेलं, त्यांनी तसंच ठेवलेलं, असं मी ठरवून टाकलं. ड्रमला बोट न लावता त्या वाटीवर दाढी उरकली. काय ती काटकसर! स्वतःवरच खूश झालो.

इतक्यात शेजारच्या अक्का दारात. कपाळावर विभूती, दोन्ही हातांत घागरी. "सर, परवा दोन घागरी दिल्त्या की तुम्हाला. आज नातवाचं बारसं हाय. द्या बरं परत."

"अक्का, पाणी आहे. पण ते... वापरायचं नाही."

"वापरायचं न्हाई तर भरून कशाला ठिवलं? बघायला?"

"फादरांनी मंतरलंय हो. म्हणजे तुमच्यात तीर्थ असतं ना, तसं."

"तीर्थ?" अक्कांनी ड्रमकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "येवढं?"

आता मला सांगा, तीर्थाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "बाळाला शिंपडायला न्या थोडं. भांड्यांना नको." त्यांनी थोडं म्हणून दोन्ही घागरी भरल्या, आणि गल्लीभर बोंब केली!

मग काय, तांबे आले, कळश्या आल्या, एक जण तर बादली घेऊन आला. "सर, आमची बोअर कोरडी गेली. सोडून बघतो."

"अहो, एवढी मोठी बादली?"

"बोअर लई खोल हाय, सर."

मी हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन ड्रमपाशी उभा. "प्यायला नाहीतर शिंपडायला, दुसरं काही नाही हं!" असं ओरडतोय. कुणी ऐकतंय का? दुपारी हातातला मग ड्रमच्या तळाला खडखडला.

तेवढ्यात रोझ फादरांना जेवायला घेऊन आली. तांदूळ धुवायचे म्हणून ड्रममध्ये वाकली आणि तशीच राहिली.

"पाणी कुठंय?"

"वाटलं. पवित्र पाणी गल्लीत वाटलं."

"कुठलं पवित्र? ड्रममधलं?" तिचा आवाज चढला. "अहो, टँकरला चार दिवस आहेत! फादरांनी वाटीतल्या पाण्याला आशीर्वाद दिला होता. झाकणावर ठेवलेली वाटी! ती कुठंय?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत वाटी होती. त्यात साबणाचा फेस, फेसात माझे पांढरे केस.

फादरांनी वाटीकडे पाहिलं, माझ्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं, आणि एकाएकी त्यांना फार खोकला आला.

मी ओशाळून टॉवेलानं तोंड पुसायला गेलो, तशी रोझ कडाडली,

"पुसू नका! घराचा आशीर्वाद तेवढाच उरलाय!"