डोळेबाईंची सही

बस डेपोत माझ्या आईला सगळे डोळेबाई म्हणत. दर सहा महिन्यांनी ड्रायव्हरांची नजर तपासून फॉर्मवर सही करायची, हे तिचं काम. नियम एका ओळीचा होता: भिंतीवरचा तक्ता सातव्या ओळीपर्यंत वाचला की पास.

पण तो तक्ता अकरा वर्षांत बदललाच नव्हता. ड्रायव्हरांना तो तोंडपाठ झाला होता. काही जण तर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणून मोकळे व्हायचे. नव्या तक्त्यासाठी आईने केलेले अर्ज वरच्या कचेरीत धूळ खात पडले होते. शेवटी तिने स्वतःच युक्ती काढली. तक्ता झाला की ती ड्रायव्हरला खिडकीशी नेई आणि फाटकातून शिरणाऱ्या गाडीचा नंबर विचारी. तक्त्यासमोर दरवेळी गडबडणाऱ्या एका बिचाऱ्याला तिने या खिडकीच्या जोरावर पास केलं होतं. नियमात ते बसत नव्हतं. "त्याला दिसतंय ना, मग झालं," एवढंच म्हणाली.

माझ्या काकांची पाळी आली, तेव्हा आईचा विसरलेला डबा घेऊन मी तिथेच होते. काकांनी तक्ता घडाघडा म्हटला. खिडकीशी मात्र चष्मा लावूनही त्यांना गाडीच नीट दिसेना, नंबर तर सोडाच.

"वहिनी, तक्ता पूर्ण वाचलाय मी. नियमाने सही करावी लागेल तुम्हाला."

"नियमाने करावी लागेल, भावजी. पण तुमच्या गाडीत चाळीस माणसं असतात."

तिने सही केली नाही.

गाडी म्हणजे काकांचा जीव की प्राण. आता ते प्रवाशांचे पास काढून देणाऱ्या खिडकीमागे बसून शिक्के मारू लागले. तक्रार केली असती तर आईची नोकरी धोक्यात आली असती. तक्रार काकांनी केली नाही, पण आमच्याशी बोलणं टाकलं. खोटं कशाला सांगू, मलाही आईचा राग आला होता. साऱ्या गावाची काळजी हिनेच का वाहायची?

वर्षभराने काकू आली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जाऊबाई, वर्ष झालं, ह्यांच्या चेहऱ्यावर हसू नाही. कोण येणार होतं ह्यांच्या गाडीखाली? एकाचं तरी नाव सांगा मला."

आईचे डोळे भरून आले.

"नाव सांगता आलं असतं," ती म्हणाली, "तर मी सही केली होती असा त्याचा अर्थ झाला असता गं."

काकू उठून गेली नाही. ढिगातला एक सदरा ओढून तीही घडी घालू लागली.