डावीकडची मियुकी

सुलेखाला त्या मैदानावर पहिल्यांदा नेलं ते मियुकी नोगुचीने. सुलेखाचा नवरा चंद्रहास याची मुंबईच्या बँकेने टोकियोला बदली केली आणि दोघं ग्योतोकुला राहायला आली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. वर्षभरात तिला मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी लागली. मियुकी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. सुलेखा शाळेत असताना जिल्ह्याकडून हँडबॉल खेळली होती, हे कळायचा अवकाश, मियुकीने तिला रविवारी सकाळी एदोगावा नदीकाठी बोलावलं.

तिथे बायकांचा गेलिक फुटबॉलचा संघ सराव करायचा. खेळ आयर्लंडचा. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलांनी तो आपटायचा किंवा पायाने उडवून झेलायचा आणि मुठीने ठोसा मारून दुसरीकडे द्यायचा. सुलेखाला खेळ पटकन जमला. मियुकी डाव्या बाजूने पळायची. तिची हाक ठरलेली, ‘हिदारी’, म्हणजे डावीकडे. हाक आली की सुलेखा न बघता ठोसा मारायची आणि चेंडू मियुकीच्या हातात जायचा. चार वर्षं दोघी अशा खेळल्या.

मग एका फेब्रुवारीत मियुकी घरातच कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. चौतिसाव्या वर्षी गेली.

त्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी नदीवरून दाट धुकं आलं होतं. सुलेखा चेंडू घेऊन पळत होती. डावीकडून हाक आली, ‘हिदारी’. तिने सवयीने ठोसा मारला. मग तिच्या लक्षात आलं की मियुकीनंतर त्या बाजूला कोणीच खेळत नाही. चेंडू जमिनीवर पडल्याचा आवाजही आला नाही. ती तशीच पळत राहिली आणि चार-पाच पावलांवर धुक्यातून चेंडू परत तिच्या छातीवर आला, नेहमीच्या उंचीवर, नेहमीच्या जोराने. सुलेखा जागच्या जागी वळली आणि तिचा गुडघा पिरगळला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी खेळायला कायमची मनाई केली. संघाची आयरिश मॅनेजर त्याच सुमारास मायदेशी परतली आणि मुलींनी ते काम सुलेखाच्या गळ्यात घातलं.

मॅनेजर झाल्यावर तिला रेषेबाहेरून सगळं दिसू लागलं. मुली डावीकडे, मोकळ्या जागेत चेंडू द्यायच्या. सरावात तो परत यायचा, त्याबद्दल कोणी अक्षर काढत नसे. दुसऱ्या मैदानांवरच्या सामन्यांत मात्र तो प्रतिस्पर्ध्यांना मिळायचा. संघ ओळीने पाच सामने हरला. सुलेखाने आर्याला त्या जागेवर घातलं. आर्या तेवीस वर्षांची, ग्योतोकुतच वाढलेली मराठी मुलगी. दहा मिनिटांत ती रेषेपाशी आली आणि जपानीत म्हणाली, “सुलेखा-सान, ही जागा रिकामी नाहीये. माझ्या पुढे कोणीतरी पळतंय.”

“दिसतंय का?”

“नाही. श्वास ऐकू येतो.”

त्या आठवड्यात सुलेखा उरायासुला मियुकीच्या आईकडे गेली. त्या, नोगुची-सान म्हणजे नोगुचीबाई, एकट्याच राहायच्या. चहा झाला तरी सुलेखाला सुरुवात कशी करावी ते सुचेना. शेवटी त्यांनीच विचारलं, “रविवारी ती तुमच्याकडेच येते ना?”

सुलेखाने मान हलवली.

“सकाळी तिचे बूट दारात नसतात,” नोगुची-सान सांगू लागल्या. “दुपारी असतात, चिखलाने भरलेले. मी धुऊन ठेवते. बरी खेळते का?”

“छान खेळते,” सुलेखा म्हणाली. “पण तिच्यामुळे आम्ही हरतोय.”

नोगुची-साननी चहाचे कप उचलून ठेवले. मग म्हणाल्या, “मी येईन.”

त्या रविवारीही धुकं होतं. सराव चालू असतानाच नोगुची-सान डाव्या रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेतून मुलीला न्यायला आल्यासारख्या साध्या आवाजात म्हणाल्या, “मियुकी, पुरे आता. घरी चल.”

सगळ्या थांबल्या. आर्या एक पाऊल बाजूला सरकली, अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्याला जागा द्यावी तशी. नोगुची-सान नदीच्या बांधाच्या पायऱ्या चढू लागल्या, एका कडेने, अर्धी पायरी मोकळी ठेवून. सुलेखा त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेली. जवळ रेल्वेचं कार्ड असूनही त्यांनी यंत्रातून एक तिकीट काढलं, ते फाटकात आधी सरकवलं आणि थांबल्या. फाटक उघडलं, क्षणभराने मिटलं. मग कार्ड लावून त्या आत गेल्या.

त्यानंतर मैदानावर हाक आली नाही. पहिले काही रविवार मुलींना चुकल्यासारखं व्हायचं, सुलेखालाही. मे महिन्यात बँकॉकच्या स्पर्धेत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. डावीकडून आर्याने सात गुण केले.

परत आल्यावर सुलेखाने उरायासुला फोन लावला.

“डावीकडून कोण खेळलं?” नोगुची-साननी विचारलं.

“आर्या.”

“वेगात पळते का?”

“मियुकीपेक्षा थोडी कमी.”

पलीकडे हसण्याचा आवाज आला. तो नोगुची-सानचा नव्हता.

“ठेवते हं,” त्या म्हणाल्या, “ताटं वाढलीत.”